कोंबड्यांना सांगितलेली गोष्ट

चार संमतीपत्रांपैकी तीन सकाळी नऊच्या आत सह्या होऊन सिल्वानाच्या पिशवीत गेली होती. चौथं जिचं होतं तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत डुकराच्या खिम्यात होते.

"ठेव तिथे खिडकीत," एर्सिलिया म्हणाली. "हात धुतले की बघते."

हात दुपारपर्यंत काही धुतले जाणार नाहीत, हे तिच्या मुलीला, सिल्वानाला ठाऊक होतं. तेसारींकडे सालामे, म्हणजे खिमा भरून वाळवलेली सॉसेज, करायचे ते ऑस्ट्रेलियातल्या थंडीत, जुलैतल्या शनिवारी, आणि तेही चंद्र उतरणीला लागल्यावरच. चढत्या चंद्रावर भरलेलं सालामे आतून पोकळ निघतं, यावर घरात दुमत नव्हतं. बाकी झाडून सगळ्यावर होतं. मीठ किलोला अठ्ठावीस ग्रॅम की तीस, लसूण वाइनमध्ये रात्रभर भिजवायचा की तासभर, आतडी संत्र्याच्या सालीच्या पाण्यात धुवायची की व्हिनेगरच्या. हे वाद साठ वर्षं चालू होते आणि त्यात कुणी जिंकलं असतं तर दिवसाची मजाच गेली असती.

सिल्वानाचा भाऊ ब्रूनो याने त्याच्या ऊसतोडणीच्या गटाची सुट्टी आजच्या दिवसाला जुळवून घेतली होती आणि शीतखोली तेरा अंशांवर लावून ठेवली होती. त्याची बायको जॅनेल आतडी धूत होती. हे काम तिच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या जुलैत आलं, ते छत्तीस वर्षं तिच्याकडेच राहिलं. खिमा मळण्याचा मान ऑस्ट्रेलियन सुनेला मिळावा असं अजून कुणाला वाटलं नव्हतं. मुलं नोना म्हणतात म्हणून तीही सासूला नोनाच म्हणे. सासूला आजी म्हणण्यापलीकडे तिला इतक्या वर्षांत दुसरं काही सुचलं नव्हतं. आणि मिठाच्या तराजूपाशी खुर्ची टाकून झिया नोर्मा बसली होती. ती सिल्वानाच्या वारलेल्या वडिलांची धाकटी बहीण, म्हणजे आत्या, वय एकोणऐंशी, लग्न केलेलं नाही. वहिनीबरोबर एकसष्ट वर्षं ती एका छपराखाली राहिली होती, आणि दोघींचं एकमत झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

"तुझ्या सिनेमात माझी मान दिसते का?" नोर्माने विचारलं. सही केल्यानंतर.

दिसते, सिल्वाना म्हणाली.

"मग सही परत दे."

सिल्वाना हसली, पण पिशवीची चेन तिने ओढून घेतली.

सोमवारी सकाळी दहाला वाहिनीच्या वकीलबाईंपुढे चारही कागद ठेवायचे होते. नियम साधा होता: ज्याची सही नाही त्याचा चेहरा नाही. बावन्न मिनिटांच्या माहितीपटात एर्सिलियाचा चेहरा एकतीस मिनिटं होता. म्हणजे आईची सही नाही तर माहितीपटही नाही. तेवढंच असतं तरी सिल्वाना इतकी घाबरली नसती. तिने तुरुंगातल्या बायांच्या सह्या मिळवल्या होत्या, एका फरार माणसाची मिळवली होती. तिची युक्ती अशी की प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. मनात सात अंक मोजेपर्यंत समोरचा माणूस ती शांतता भरून काढायला काहीतरी खरं बोलून जातो. या घरात मात्र युक्ती कधीच चालली नव्हती. इथे दोन अंकांच्या पुढे शांतता टिकत नसे.

तिचा नेमका धंदा काय, हेसुद्धा इथे चाळीस वर्षांत कुणाला नीट कळलं नव्हतं. अठराव्या वर्षी टाउन्सव्हिलच्या टीव्ही केंद्रात ती टंकलेखिका म्हणून लागली तेव्हा कळत होतं, कारण टंकलेखन दिसतं. मग ती ब्रिस्बेनला गेली, सिडनीला गेली, दिग्दर्शन करू लागली, पुढे स्वतःच निर्माती झाली. मासेमारीच्या एका कार्यक्रमाचे दोनशे आठ भाग तिने काढले. मोती काढणाऱ्या पाणबुड्यांवर, प्रवाळांवर, तुरुंगावर माहितीपट केले. तीन बक्षिसं मिळाली. घरच्यांच्या लक्षात राहिला तो एकच भाग, ज्यात कार्यक्रमाचा सूत्रधार मासा ओढताना होडीतून पडला. तू तेव्हा कुठे होतीस, असं आईने फोन करून विचारलं होतं. कॅमेऱ्याच्या मागे, असं सिल्वानाने सांगितल्यावर आई म्हणाली होती की मग त्याला धरायचं होतंस. शेवटी नाव येतं ते दीड सेकंद टिकतं. तेवढ्यात आईला चष्मा सापडत नसे. तिन्हींतलं सर्वांत जड बक्षीस, तीन किलो पितळेचं, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार वाऱ्याने उघडू नये म्हणून लावलेलं होतं.

आणि खरी भीती त्या खुराड्याचीच होती.

मे महिन्यात आईची मुलाखत संपली आणि आई कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेली, ती कॉलरचा माइक तसाच ठेवून. व्हरांड्यात कॅमेरा चालू होता. हेडफोन ग्लेनिसच्या कानावर होते. ही ध्वनिमुद्रण करणारी बाई सव्वीस वर्षं सिल्वानाबरोबर होती आणि दिवसाला चाळीस वाक्यांच्या वर बोलत नसे. पहिलं वाक्य कानावर पडताच ग्लेनिसने हेडफोन काढून मांडीवर ठेवले. यंत्राला मात्र असा काही संकोच नसतो. त्याने सगळं घेतलं.

"बघा बायांनो," एर्सिलिया कोंबड्यांना सांगत होती, "एकसष्ट वर्षं मी ऊस बघितला. फेब्रुवारीत तो उंच झाला की खिडकीबाहेर दुसरं काही दिसत नाही. आता मला लांबवरचं बघायचंय. टाउन्सव्हिलला समुद्रासमोर दोन खोल्या. लिफ्ट हवी. ब्रूनोचं काय, त्याचा हंगाम कधी संपतच नाही. आणि सिल्वानापुढे नीट बोलावं लागतं, नाहीतर म्हणते, मम्मा, परत एकदा, मागून गाडी गेली."

सिल्वानाने हे महिनाभराने सिडनीत, संकलनाच्या अंधाऱ्या खोलीत ऐकलं. ती रडली. आणि रडता रडताच तिने कागदावर लिहून ठेवलं: चव्वेचाळिसाव्या मिनिटाला घ्यायचं. त्या एका क्षणात मुलगी कुठे संपली आणि दिग्दर्शिका कुठे सुरू झाली, हे तिला स्वतःला सांगता आलं नसतं. चाळीस वर्षांत कुणाच्या तोंडून इतकं खरं बोलणं तिला मिळालं नव्हतं. आणि हे तर तिने न विचारता, चोरून मिळालेलं. आईला माहीत नव्हतं. ब्रूनोला तर नाहीच.

ग्लेनिसने तेव्हाच सांगितलं होतं की आधी आईला दाखव. आजही गाडीतून उतरताना तिने तेच सांगितलं, आणि मग दिवसभराची आपली वाक्यं संपल्यासारखी जाऊन जॅनेलशेजारी आतडी धुवायला बसली.

मिठाची परीक्षा अकराला झाली. मूठभर खिमा तव्यावर थापून भाजायचा, चार तुकडे करायचे आणि चौघांनी चार मतं द्यायची. नोर्माला अळणी लागला. ब्रूनोने तराजूचा आकडा दाखवला. नोर्मा म्हणाली की तराजूला जीभ नसते. एर्सिलियाने तुकडा शांतपणे चावून झाल्यावर दोन ग्रॅम वाढवायला सांगितलं. मग नोर्माला अचानक तो आहे तसाच बरा वाटू लागला.

ही वेळ चांगली आहे असं सिल्वानाला वाटलं. तिने पेन पुढे केलं. नुसता रिवाज आहे मम्मा, म्हणाली, सगळ्यांकडूनच घेतात. हात धुवायचीही गरज नाही, मी कागद धरते.

एर्सिलियाने मुलीकडे पाहिलं. गिऱ्हाइकाने टोपलीतल्या वरच्याच संत्र्याची तारीफ केली की बाजारातली बाई बघते तसं पाहिलं.

"न बघता सही तुझ्या बापाने केली होती, त्या नव्या जातीच्या बेण्यावर. पहिल्या वाऱ्यात सगळा ऊस आडवा. जेवण झालं की दाखव, मग सही."

एकटीला दाखवते, सिल्वाना म्हणाली. तुझ्या खोलीत.

"एकटीला?" नोर्मा म्हणाली. "आमच्या माना टाकल्यास ना त्यात?"

पोलेंता म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, भाजलेल्या फासळ्या आणि कोशिंबीर असं जेवण काम चाललं होतं त्या शेडमध्येच झालं. मग ब्रूनोने मिठाचा रिकामा खोका पालथा घातला, त्यावर सिल्वानाचा लॅपटॉप ठेवला आणि उजेड पडू नये म्हणून दाराला ताडपत्री लावली. सिल्वानाने मनाशी ठरवून टाकलं होतं: त्रेचाळिसाव्या मिनिटाला थांबवायचं. पुढचं अजून तयार नाही म्हणायचं. सही घ्यायची. आणि मग पुढचं काय ते, सोमवारच्या आत, कसंतरी. त्या कसंतरीच्या पुढे तिचा विचार जात नव्हता.

घरच्यांनी आपल्यावरचा माहितीपट कसा बघावा याचं काही शास्त्र नाही. प्रत्येकाने फक्त स्वतःला पाहिलं. नोर्मा मानेवर नजर ठेवून होती. ब्रूनोला तोडणीयंत्राशेजारून चौकटीबाहेर डावीकडे जाणारी उसाची गाडी दिसली आणि त्या दिवशी कुणी ती अर्धीच भरली होती हे त्याने सगळ्यांना ऐकवलं. चौतिसाव्या मिनिटाला जॅनेलने विचारलं की आतापर्यंत आपण तीनदा आलो आणि तिन्ही वेळा भांडी घासताना पाठमोऱ्या, हे खरं ना. सिल्वानाने कबूल केलं. प्रकाश तिथे फार सुंदर येतो, असंही म्हणाली. जॅनेल म्हणाली की छत्तीस वर्षं उभी आहे तिथे, तिला माहीत आहे प्रकाश कसा येतो ते.

एर्सिलिया मात्र गुडघ्यांवर हात ठेवून बघत होती. बाहेरून कारखान्याकडे जाणारी उसाची रेल्वे खडखडत गेली. पडद्यावर मुलाखत संपली, आई खुर्चीतून उठली, टोपली उचलली.

सिल्वानाने कळ दाबली. चित्र थांबलं, आईची पाठ आणि हातात टोपली.

"संपलं?" ब्रूनोने विचारलं.

जवळजवळ, सिल्वाना म्हणाली. पुढचं अजून व्हायचंय.

"कागदावर बावन्न मिनिटं लिहिलीत," नोर्मा म्हणाली. सही करण्याआधी तिने कागद वाचला नव्हता, पण सही केल्यावर दोनदा वाचला होता. "इथे त्रेचाळीस झाली. नऊ मिनिटं कुठे गेली?"

सिल्वानाने शेडमधल्या तोंडांकडे पाहिलं. ग्लेनिस आतड्यांच्या टोपात बघत होती. इतर कुणाला खोटं सांगणं ही एक गोष्ट. ज्या बाईने तिला पाच वर्षांची असताना शेंगदाण्याच्या बरणीबद्दल खोटं बोलताना पकडलं होतं, तिच्यासमोर दुसरी. तिने लॅपटॉप मिटला, ग्लेनिसच्या पेटीतून मोठे हेडफोन घेतले आणि आईला म्हणाली, "मम्मा, खुराड्यापाशी चल. आधी तू एकटीने ऐक."

दोघी निघाल्या. मागे शेडमध्ये कुणी उठलं नाही, असं सिल्वानाला वाटलं. पण खुराड्याच्या दाराचं पितळी बक्षीस बाजूला सारून ती आत जाईपर्यंत ब्रूनोला लिंबं हवीशी झाली होती. लिंबाचं झाड खुराड्यापासून दहा पावलांवर होतं. नोर्माला लिंबं निवडून हवी होती, म्हणून ती त्याच्यामागे आली. जॅनेल बादली घेऊन आली. लिंबं ठेवायला काहीतरी लागतंच.

सिल्वानाने पालथ्या पाटीवर आईला बसवलं, लॅपटॉप मांडीवर दिला आणि हेडफोन तिच्या पांढऱ्या अंबाड्यावरून नीट बसवले. एक गोष्ट मात्र ती विसरली. चाळीस वर्षं ती हेडफोन घातलेल्या लोकांबरोबर वावरली होती. असे जाड, बाहेरचं काही आत न येऊ देणारे हेडफोन घातले की माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो आपसूक मोठ्याने बोलतो. म्हणून चित्रीकरणाच्या जागी हेडफोनवाल्याने तोंड उघडायचं नाही असा दंडक असतो. शेकडो नव्या माणसांना पहिल्याच दिवशी तिने तो सांगितला होता. आईला सांगायला हवा हे तिच्या डोक्यातच आलं नाही.

चित्र सुरू झालं. एर्सिलियाने डोळे बारीक केले. कोंबड्या तिच्या पायांपाशी जमल्या. आवाज ऐकू येत नसला तरी पडद्यावरची टोपली ओळखीची होती.

"ही मीच," ती ओरडली.

सिल्वानाने ओठांवर बोट ठेवलं. आई पडद्याकडे बघत होती.

"हो, दोन खोल्या," एर्सिलिया गावच्या चर्चपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली. "टाउन्सव्हिलला. समुद्रासमोरच. बरोबर बोलले मी. लिफ्टचं पण बोलले, बरं झालं."

लिंबाच्या झाडाखाली काहीतरी पडलं. ती बादली होती.

सिल्वानाने हेडफोन उचलायला हात घातला. आईने तो झटकला. तिला शेवटपर्यंत ऐकायचं होतं. "एकसष्ट वर्षं ऊस," तिने पडद्याबरोबर मोठ्याने म्हटलं, शाळेतली पोर पाठ म्हणून दाखवते तसं, आणि उरलेलंही म्हटलं, ब्रूनोच्या हंगामासकट. मग तिने हेडफोन काढले आणि वळून पाहिलं. जाळीच्या पलीकडे तिघं उभी होती. कुणाच्याही हातात एक लिंबू नव्हतं.

पहिली नोर्मा बोलली आणि ती बोलली सिल्वानाला. आईच्या अंगाला माइक लावून तिच्या पोटातलं चोरून नेलंस, म्हणाली. तुरुंगातल्या बायांकडून शिकलीस का हे? दीड महिना सिल्वाना हेच स्वतःला विचारत होती.

ब्रूनो जाळीला धरून उभा होता. साठ वर्षांचा, दारातून येताना वाकावं लागणारा माणूस, पण त्याचा चेहरा शाळेतून उशिरा नेलेल्या मुलासारखा झाला होता.

"कोंबड्यांना सांगितलंस," तो म्हणाला. "मला नाही."

"तुला तीनदा सांगितलं," एर्सिलिया म्हणाली. आता आवाज नेहमीचा होता. "बाप गेला त्या वर्षी सांगितलं. ट्रॅक्टरचं चाक बदलत होतास तेव्हा सांगितलं. गेल्या ख्रिसमसला सांगितलं. दर वेळी काय म्हणालास?"

ब्रूनोऐवजी जॅनेल बोलली, आतड्यांच्या पाण्याने ओले झालेले हात पोटापाशी धरून. "हंगाम संपू दे, मग बघू."

ब्रूनोने बायकोकडे पाहिलं. जॅनेलने नजर खाली घातली नाही. छत्तीस वर्षांत प्रथमच तिने सासूची बाजू घेतली होती, आणि का घेतली हे लपवण्याच्या भानगडीत ती पडली नाही. भांडी घासायची मोरी खिडकीपासून हलवता येईल का, हे तिने मे महिन्यात मोजून ठेवलं होतं, असं ती पुढे म्हणाली. नुसतं मोजलंय. कुणाला बोलले नव्हते.

"आणि दोन खोल्या कशाला?" नोर्मा मध्येच म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "एकट्या बाईला एक पुरते."

एर्सिलियाने कोंबडीला पायाने बाजूला केलं. "तू घोरतेस. एका खोलीत कशी झोपू?"

नोर्माने सांगितलं की ती घोरत नाही, घोरते ती एर्सिलिया, आणि हे सगळ्या गावाला माहीत आहे. पण पक्ष तिने बदलला होता. सिल्वानाकडे वळून ती म्हणाली की तू काही इतकी वाईट मुलगी नाहीस.

सिल्वानाला तेवढं पुरलं नाही. ती आईसमोर उकिडवी बसली, पिसांत आणि दाण्यांत. मला माहीत आहे हे चूक होतं, म्हणाली. तू सांगशील तर मी ही चार मिनिटं काढून टाकते. सही दे किंवा देऊ नकोस. पण मी तुझं हे ऐकलं आणि मला आधी फ्रेम दिसली, मग तू. हे तुला सांगायला हवं होतं.

आईला काही कळेना झालं होतं.

"चोरून काय ऐकलंस? तुलाच तर सांगितलं होतं. मार्चमध्ये, फोनवर. तू म्हणालीस, मम्मा, हे फार छान आहे, जसंच्या तसं लक्षात ठेव, मेमध्ये कॅमेरा घेऊन येते तेव्हा बोल."

सिल्वानाला तो फोन आठवला नाही. मग आठवला. ती विमानतळावर रांगेत होती.

"म्हणून लक्षात ठेवलं," एर्सिलिया म्हणाली. "इथे रोज म्हणून बघायचे, तुझ्यापुढे अडखळायला नको. आठवडाभर या बिचाऱ्या तेच ऐकत होत्या. मग तू आलीस आणि कागद बघून प्रश्न विचारलेस. पुराचं वर्ष कोणतं, पहिलं यंत्र कधी आलं, पापा कसे होते. सगळी उत्तरं दिली मी. मला वाटलं आता विचारशील. मग तू म्हणालीस, झालं मम्मा, आभारी आहे. उठले नि कोंबड्यांकडे आले."

सिल्वानाच्या आयुष्यातला सर्वांत खरा, सर्वांत अनपेक्षित, कुणी न सांगता घडलेला प्रसंग ही तालीम होती. आणि जिच्यासाठी तालीम होती तिने वीस पावलांवर बसून प्रश्नांचा कागद घडी घालून खिशात टाकला होता. ती सात अंक मोजत नव्हती, तरी सात होऊन गेले. तिच्या मागे कुणी हसल्यासारखा आवाज आला. ग्लेनिस आली होती. ती हसत होती, सव्वीस वर्षांत सिल्वानाने पाहिलं नव्हतं इतकं, आणि डोळे पुसत होती, पण आतड्यांचे हात डोळ्यांना लागू नयेत म्हणून कोपराने.

"ठेव ती चार मिनिटं," एर्सिलिया म्हणाली. "ती काळी कोंबडी नीट ऐकत नव्हती, ते दिसतंय. पण ठेव. पेन दे."

पेन मिळालं. तिने लॅपटॉपच्या पाठीवर कागद ठेवून माहेरच्या आडनावासकट पूर्ण नाव लिहिलं, एकेक अक्षर, मारंगोनचा म गिरवून. सिल्वानाने हात पुढे केला. आईने कागद दिला नाही. खाली अजून एक ओळ रिकामी होती.

"पत्ता," तिने वाचलं. "हे टीव्हीवर कधी येणार?"

ऑक्टोबरात, सिल्वाना म्हणाली.

"मग ऑक्टोबरातला पत्ता लिहायला हवा." तिने कागद आणि पेन जाळीच्या भोकातून बाहेर सरकवलं, ब्रूनोकडे. या घरातले सगळे अर्ज ब्रूनोच भरायचा. त्याचं अक्षर बापासारखं होतं, उभं आणि सुटं.

ब्रूनोने कागद घेतला. "ऑक्टोबरात हंगाम चालू असतो, मम्मा."

"असू दे."

त्याने कागद झाडाच्या बुंध्यावर टेकवला. उजवा हात पँटला पुसला, मग डावा. उसाच्या शेतातून वारा आला आणि कागदाची कडा हलली. जॅनेलने पुढे होऊन ती बोटाने धरली. सिल्वानाला माहीत होतं की वकीलबाईंना अजून नसलेला पत्ता चालणार नाही. तिच्या पिशवीत पाचवं, कोरं संमतीपत्र होतं. तिने पिशवीला हात लावला नाही.

ब्रूनोने टाउन्सव्हिल असं लिहिलं. त्याच्यावर समुद्राच्या रस्त्याचं नाव लिहिलं. मग पेन थांबलं.

"मजला कितवा?"

"पाचवा," एर्सिलिया म्हणाली.

"दुसरा," नोर्मा त्याच क्षणी म्हणाली. "लिफ्ट बंद पडली तर पाचव्यावर तुझा बाप चढवणार आहे का मला?"

दुसऱ्यावरून समुद्र नाही, झाडं दिसतात, एर्सिलियाने सांगितलं. नोर्मा म्हणाली की झाडांना काय झालं. ब्रूनो पेन कागदावर टेकवून दोघींकडे आळीपाळीने बघत उभा राहिला.